मुलाला डिस्टोनिया (स्नायू आपोआप ओढले जाऊन अवयव वाकडे होण्याचा आजार) आहे, डीबीएस (मेंदूत तार बसवून विजेची स्पंदनं देण्याची शस्त्रक्रिया) सुचवलंय. वय लहान म्हणून थांबावं का?

आभाळमाया:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचते, लिहिते पहिल्यांदाच.

आम्ही कोल्हापूरचे. मुलगा आता आठवीत आहे. चौथीत असताना त्याचा डावा पाय चालताना आत वळायला लागला. आधी बुटांचा दोष म्हणून बूट बदलले, मग हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. गंमत म्हणजे तो उलटा चालला की पाय सरळ पडायचा, पळतानाही फारसं काही वाटायचं नाही, झोपेत तर अगदी नॉर्मल. त्यामुळे शाळेत आणि घरातही "नाटक करतोय" असं त्याला ऐकावं लागलं. एका ठिकाणी तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या म्हणून सांगितलं. वर्षभरात उजवा हात गेला, म्हणजे पेन धरलं की मनगट वाकडं होऊन बोटं ताठरतात. आता मानही एका बाजूला ओढली जाते.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी जनुकीय तपासणी करायला लावली. रिपोर्ट आला, डीवायटी-१, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे होणारा डिस्टोनिया. माझ्या मिस्टरांमध्येही तोच दोष निघाला, त्यांना मात्र आजवर कसलाही त्रास नाही. पॅसिटेन, बॅक्लोफेन सगळं झालं. डोस वाढवला की तोंड कोरडं पडतं, पाठांतर राहत नाही. डॉक्टर म्हणतात दोन्ही बाजूंनी डीबीएस करू. सासूबाई म्हणतात अठरा पूर्ण होऊ द्या, कोवळ्या पोराच्या डोक्यात तारा कशाला. मिस्टरांचं म्हणणं, चार वर्षांत नवीन औषध येईल. मला रात्री झोप नाही.

कुणी यातून गेलंय का? थांबावं का करून टाकावं?

रानपाखरू:
ताई, अनुभव नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहिते. इथे नक्की कुणीतरी भेटेल.

डेंड्राइट:
मी न्यूरॉलॉजीत काम करतो. मुलाला तपासलेलं नसल्यामुळे त्याच्याबद्दलचा निर्णय तुमचे डॉक्टरच देतील, मी सर्वसाधारण माहिती लिहितो.

उलटं चालताना पाय सरळ पडणं हे नाटक नव्हे, डिस्टोनियाची खूणच आहे. हा आजार ठरावीक हालचालीला चिकटून येतो. काही जणांची मान हनुवटीला नुसतं बोट लावलं की सरळ होते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलांची वर्षं वाया जातात. नाव जुनं आहे, १९११ साली बर्लिनच्या ओपेनहाइम यांनी दिलं, पण जनुक सापडायला १९९७ उजाडलं. नवव्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकातली तीन अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे टॉर्सिन-ए नावाच्या प्रथिनातला एक दुवा कमी होतो. मेंदूचा एमआरआय मात्र स्वच्छ दिसतो.

डीबीएसचा विचार करण्याआधी दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. पहिली, लेव्होडोपा हे औषध देऊन पाहणं. एका प्रकारचा डिस्टोनिया लेव्होडोपाच्या अगदी थोड्या डोसवर जवळजवळ पूर्ण बरा होतो. सकाळी मूल चांगलं आणि संध्याकाळी वाईट असं त्यात दिसतं. दुसरी, विल्सन आजार वगळणं. त्यात शरीरात तांबं साठतं आणि गोळ्यांनी ते उतरवता येतं. या दोन्हींत शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे डीवायटी-१ चा रिपोर्ट हातात आहे, म्हणजे हा टप्पा तुम्ही पार केलाय. मी हे इतर वाचकांसाठी लिहितोय.

आता मुद्द्याचं. डीवायटी-१ हा डीबीएसला सर्वांत चांगला प्रतिसाद देणाऱ्या आजारांपैकी आहे. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या गटाने २००० साली सात रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्यात बहुतेक मुलंच होती आणि सुधारणा थक्क करणारी होती. पुढे २००५ मध्ये फ्रान्समधूनच २२ रुग्णांचा अभ्यास आला. २००६ मध्ये ४० रुग्णांवर, यंत्र बसवून काहींचं तीन महिने बंदच ठेवून तुलना केली, तेव्हा फरक यंत्रामुळेच पडतो हे दिसलं. अमेरिकेत २००३ पासून सात वर्षांवरच्या मुलांना डिस्टोनियासाठी हे यंत्र बसवायला परवानगी आहे. म्हणजे 'अठरा' या आकड्याला वैद्यकीय आधार नाही.

उलट आजार जितकी कमी वर्षं अंगात मुरलेला, तितका निकाल चांगला. वाकडा राहून राहून सांधा आखडला किंवा पाठीच्या कण्याला कायमचा बाक आला, तर तो डीबीएसने सरळ होत नाही.

आभाळमाया:
डेंड्राइट, हे शेवटचं वाक्य आम्हाला कुणीच इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. लेव्होडोपा सुरुवातीला दोन महिने दिलं होतं, काही फरक पडला नाही. तांब्याची तपासणीही झाली आहे, नॉर्मल आली.

निसर्गोपासक:
कुणाला दुखवायचं नाही, पण मेंदूला हात लावणं मला पटत नाही. एकदा तो नाजूक भाग दुखावला की मागे फिरता येत नाही. बस्ती, अभ्यंग, योगासनं यांनी स्नायूंचा ताण उतरतो. आमच्याकडे एका मुलाला खूप आराम पडला. मुलगा वाढीच्या वयात आहे, थोडं थांबलं तर काय बिघडेल?

गोदाकाठ:
निसर्गोपासक, काय बिघडतं ते मी सांगतो. मी स्वतः डीवायटी-१ आहे, नाशिकचा. माझं निदानच तिशीत झालं आणि शस्त्रक्रिया त्यानंतर. तोवर उजवं पाऊल आत वळून पक्कं झालं होतं. मान, हात, कंबर यांत मला जे मिळालं त्याबद्दल मी रोज कृतज्ञ असतो, पण ते पाऊल तसंच राहिलं. त्यासाठी पुढे हाडांची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागली. मालिश मीही वर्षानुवर्षं घेतलंय. बरं वाटतं, दुखणं हलकं होतं, नाही म्हणणार नाही. पण बिघाड स्नायूत नाहीच, स्नायूला चुकीचा हुकूम देणाऱ्या मेंदूच्या वर्तुळात आहे.

आभाळमायाताई, सगळ्यात महत्त्वाचं सांगतो: यंत्र सुरू केल्याच्या दिवशी चमत्कार होत नाही. पार्किन्सनच्या माणसाचा हात कंप पावत असतो आणि बटण दाबताच थांबतो, तसले व्हिडिओ बघून आमच्या घरचे आले होते. माझ्यात पहिले काही आठवडे काहीच नाही. आई कोपऱ्यात बसून रडली. मग झटके कमी झाले, झोप लागायला लागली. वाकडेपणा सुटायला मात्र कित्येक महिने गेले. एका सकाळी शर्टाची वरची गुंडी डाव्या हाताची मदत न घेता लागली आणि आरशासमोर मी ती पुन्हा पुन्हा काढून लावत बसलो.

सेटिंगच्या भेटी हा एक वेगळाच प्रकार आहे. डॉक्टर टॅबलेटवर करंट थोडा थोडा वाढवत नेतात आणि "काय होतंय?" विचारत राहतात. तारेच्या टोकाशी चार कड्या असतात, कोणती चालू करायची ते असं शोधतात. एकदा डोळ्यांसमोर ठिणग्या चमकल्यासारखं झालं, तर म्हणाले खालची कडी दृष्टीच्या नसेजवळ आहे, वरची घेऊ. एकदा जबडा ओढला गेला आणि बोलणं बोबडं झालं, लगेच कमी केलं. घाबरायचं काही नव्हतं, पण मुलाला आधी सांगून ठेवा. आणि चिकाटी ठेवा. मध्येच "काही उपयोग नाही" म्हणून जाणं बंद करू नका.

संत्रानगरी:
दादा, गुंडीचं वाचून अंगावर काटा आला. खूप शुभेच्छा.

डेंड्राइट:
@निसर्गोपासक, "मागे फिरता येत नाही" हा आक्षेप जुन्या शस्त्रक्रियांना लागू होता. १९५०च्या दशकात मेंदूच्या त्या वर्तुळातला छोटा भाग जाळून टाकत. डीबीएसमध्ये जाळत नाहीत. साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार आत राहते, छातीत कॉलरबोनखाली बसवलेल्या यंत्रातून तिला सेकंदाला साधारण १३० स्पंदनं जातात. नको असेल तर बंद करता येतं, काढताही येतं. ग्रनोब्लच्या बेनाबिद यांच्या गटाने १९८७ मध्ये कंपासाठी ही पद्धत पुढे आणली ती याच कारणाने.

धोके मात्र आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, शंभरात एकदोघांना होतो असं धरून चाला. जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो, कधीकधी यंत्र काढावं लागतं. मुलांची उंची वाढते तशी मानेतली तार ताणली जाऊ शकते, तुटू शकते. यासाठी काही सर्जन तार थोडी जास्त ठेवतात. हे जरूर विचारा.

ऱ्हाइनकाठी:
मी जर्मनीत असते. दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या आतेभावाला डीबीएस केलं आणि फारसा उपयोग झाला नाही. त्याचा आजार काही दिवसांत एकदम सुरू झाला होता, आधी ताप आला, मग बोलणं गेलं, हात वाकडे झाले. शस्त्रक्रिया झाल्यावर वर्षाने जनुकीय तपासणी झाली आणि एटीपी१ए३ नावाचा दोष निघाला. तेव्हा सांगितलं की यात डीबीएसचा फायदा सहसा होत नाही. आत्याने दागिने मोडले होते. त्यामुळे "डिस्टोनियाला डीबीएस उत्तम" असं सरसकट वाक्य वाचलं की मला त्रास होतो.

डेंड्राइट:
ऱ्हाइनकाठी, तुमचा त्रास शंभर टक्के रास्त आहे आणि या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद तुमचा आहे. 'डिस्टोनिया' हे लक्षणाचं नाव आहे. त्यामागचं जनुक कोणतं यावर निकाल ठरतो.

डीवायटी-१ चांगलं. डीवायटी-६ मध्ये हातपाय सुधारतात पण बोलणं अनेकदा मागेच राहतं. मायोक्लोनस-डिस्टोनिया, म्हणजे दचके आणि वाकडेपणा एकत्र, त्यातही उत्तम प्रतिसाद मिळतो. केएमटी२बी हे २०१६ मध्ये सापडलेलं जनुक, त्याचा डिस्टोनिया बहुधा लहानपणीच सुरू होतो, तिथेही चांगले अनुभव आहेत. फिलिपिन्सच्या पनाय बेटावरच्या कुटुंबांत एक डिस्टोनिया आहे, बहुधा पुरुषांनाच होतो, पुढे पार्किन्सनसारखा होत जातो. औषधांना दाद देत नाही पण डीबीएसला देतो. एटीपी१ए३ मध्ये नाही. मेंदूत लोह साठणाऱ्या आजारात फायदा मर्यादित असतो, अनेकदा काही वर्षांत ओसरतो. हंटिंग्टनसाठी हे अजून नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. आनुवंशिक पार्किन्सनमध्येही जीबीए जनुकाचा दोष असेल तर स्मरणशक्ती लवकर उतरण्याची शक्यता आधी बोलून घ्यावी लागते.

म्हणून माझं मत ठाम आहे: मुलाच्या किंवा तरुणाच्या डिस्टोनियात आधी जनुकाचा रिपोर्ट, मग शस्त्रक्रियेची तारीख. जीव धोक्यात आहे अशी तीव्र स्थिती असेल तर गोष्ट वेगळी.

लेखाजोखा:
कुणी पैशांचं बोललं नाही म्हणून मी बोलतो. बहिणीच्या वेळी आम्हाला मिळालेले अंदाज दहा ते पंधरा लाखांच्या घरातले होते. त्यातला मोठा वाटा यंत्राचा. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षं जाते आणि डिस्टोनियात करंट जास्त लागतो म्हणून आधीही संपते. मग यंत्र बदलायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया आणि पुन्हा लाखांत खर्च. चार्जिंगवालं यंत्र महाग, पण बरीच वर्षं चालतं. तेरा वर्षांच्या मुलाचा हिशेब आयुष्यभराचा करा, पहिल्या बिलाचा नको.

विमा असेल तर: विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत आधुनिक उपचारांची यादी आहे, त्यात डीबीएसचं नाव आहे. कंपनी "हे आम्ही देतच नाही" म्हणू शकत नाही, रकमेवर मर्यादा मात्र घालू शकते. पॉलिसीतलं ते कलम आधी वाचून घ्या. आमचा पहिला अर्ज 'जन्मजात आजार' म्हणून फेटाळला होता, लेखी तक्रार केल्यावर प्रकरण पुढे सरकलं.

उत्पन्न कमी असेल तर महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यंत्राचा खर्च त्यात धरतात का, हे तिथल्या समाजसेवा विभागात आधीच विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो. आणि फक्त मुंबई धरून बसू नका, बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा इथेही हे काम होतं. कोल्हापूरहून बंगळुरू तसं गाडीचंच अंतर.

माईआजी:
मी सत्तरीची आहे, पण एक विचारते. ताईंच्या मिस्टरांकडून दोष आला म्हणता, तर मग त्यांना काही नाही आणि पोराला का? आणि धाकटं भावंड असेल तर त्याचं काय? आमच्या काळी असं झालं की सून आणली तिथून आलं म्हणायचे.

डेंड्राइट:
माईआजी, फार चांगला प्रश्न. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक मुलात जाण्याची शक्यता निम्मी. पण दोष आला म्हणजे आजार झालाच असं नाही. दोष असलेल्यांपैकी साधारण तीस टक्क्यांनाच लक्षणं येतात. म्हणजे प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पंधरा. लक्षणं बहुधा बालपणी किंवा कुमारवयात सुरू होतात, पंचविशी-तिशी ओलांडल्यावर क्वचितच. त्यामुळे ताईंच्या मिस्टरांना आता काळजीचं फारसं कारण नाही.

आभाळमाया:
माईआजी, धाकटी मुलगी आहे, सात वर्षांची. तिला काही नाही. सासूबाईंनी लगेच विचारलं, तिची पण तपासणी करून टाका, नाहीतर पुढे लग्नाच्या वेळी अडचण. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. मिस्टर तर तेव्हापासून स्वतःला दोष देत गप्पच असतात.

ऱ्हाइनकाठी:
आभाळमाया, लक्षणं नसलेल्या लहान मुलीची तपासणी करू नका असंच आम्हाला इथल्या समुपदेशकांनी सांगितलं होतं. आधी कळून टाळता येईल असं काही नाही, आणि कपाळावर शिक्का मात्र बसतो. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती करेल. पाय वळतोय का, लिहिताना हात आखडतोय का, एवढ्यावर लक्ष असू द्या. आणि मिस्टरांना सांगा, त्यांनी हे निवडलेलं नव्हतं.

माईआजी:
अगदी बरोबर. आणि सासूबाईंना माझा निरोप द्या, लग्नाच्या चिंतेने पोरीला सुई टोचू नका म्हणावं. मीही सासू आहे, माझं ऐकतील.

चालतं_फिरतं:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत. माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. डीबीएस बसवलेल्या माणसाला शॉर्टवेव्ह डायथर्मी कधीही द्यायची नाही. आपल्याकडे पाठ दुखली, गुडघा दुखला की दवाखान्यात 'मशीनचा शेक' देतात, तोच हा. शेक पायाला दिला तरी ती ऊर्जा तारेतून मेंदूत जाऊन तिथलं ऊतक भाजू शकतं. जगात असे गंभीर अपघात झाले आहेत. मुलाच्या खिशात कार्ड ठेवा आणि कुठल्याही दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य तेच बोला. एमआरआयचंही तसंच, यंत्राचं मॉडेल तपासल्याशिवाय करायचा नाही. दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्यांना आणि सर्जनला आधी सांगायचं, कारण रक्तस्राव थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणावर बंधनं येतात.

दुसरं, शस्त्रक्रियेपर्यंत आणि नंतरही सांध्यांचा व्यायाम बंद करू नका. यंत्र ओढ थांबवतं, पण वर्षानुवर्षं न वापरलेला हात पेन कसं धरायचं ते नव्याने शिकतो. निसर्गोपासक यांचं तेल आणि योगासनं इथे जरूर कामाला येतील, डीबीएसच्या जागी नाही, जोडीला.

निसर्गोपासक:
जोडीला म्हणत असाल तर माझा विरोध नाही. सांधा कायमचा आखडतो हा मुद्दा मला माहीत नव्हता. ताई, तुम्ही योग्य तेच कराल.

संत्रानगरी:
अवांतर: विमानतळावर, मॉलच्या दारात काय करता?

गोदाकाठ:
कार्ड दाखवून हाताने तपासा म्हणतो, कमानीतून जात नाही. एकदा सुरक्षा जवानाने छातीवरचा उंचवटा बघून विचारलं, "पेसमेकर?" म्हटलं, हो, पण डोक्याचा. तो हसला आणि मग दहा मिनिटं त्याच्या मामाच्या पार्किन्सनबद्दल विचारत बसला, मागे रांग खोळंबली.

एक गंभीर गोष्ट राहिली. बॅटरी संपू देऊ नका. डिस्टोनियात यंत्र अचानक बंद पडलं तर सगळ्या अंगाचे स्नायू एकदम कडक होऊन आयसीयूपर्यंत वेळ येऊ शकते. चार्जिंगवालं घेतलंत तर आठवड्याचा वार ठरवून टाका.

रानपाखरू:
शाळेचं कुणी लिहिलं नाही. माझा भाचा वेगळ्या आजाराचा आहे, पण बोर्डाच्या परीक्षेत त्याला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळाली. दिव्यांग प्रमाणपत्राला वेळ लागतो, आठवीतच सुरुवात करा. दहावीच्या वर्षात धावपळ होते.

आभाळमाया:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मिस्टरांना आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. गोदाकाठ दादांच्या पावलाचं ऐकून मिस्टर म्हणाले, आता थांबायचं नाही. सासूबाईंनी माईआजींचा निरोप दोनदा वाचायला लावला, मुलीच्या तपासणीचा विषय बंद झाला आहे. पुढच्या आठवड्यात सर्जनची वेळ घेतली आहे. तार तुटण्याचं, चार्जिंगच्या यंत्राचं आणि सेटिंगसाठी किती वेळा यावं लागेल, हे सगळं वहीत लिहून घेतलंय.

मुलाचे स्वतःचे दोनच प्रश्न आहेत आणि तो म्हणतो डॉक्टरकाकांना नको, ज्यांना बसवलंय त्यांनाच विचार. सगळं टक्कल करतात का? आणि नंतर क्रिकेट खेळता येईल का?

गोदाकाठ:
त्याला सांगा, माझं पूर्ण टक्कल केलं होतं, पण काही सर्जन तारेपुरतेच केस काढतात, म्हणून आधी विचारायचं. दोन महिन्यांत केस येतात आणि खुणा झाकल्या जातात.

क्रिकेटचं, जखमा भरून डॉक्टरांनी परवानगी दिली की टेनिस बॉलने खेळ म्हणावं. सीझन बॉल छातीवर किंवा कानामागे लागला तर यंत्राला, तारेला इजा होऊ शकते, त्यामुळे तो नको. पोहायचं असेल तर सुरुवातीला कुणीतरी पाण्यात सोबत हवं. मी अजून गल्लीत ओपनिंगला जातो. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवा, रविवारी मोकळा असतो.

आभाळमाया:
पाठवला आहे. तो शेजारीच बसलाय, विचारतोय तुम्ही बॅटिंग करता की बोलिंग पण.

गोदाकाठ:
दोन्ही. ऑफस्पिन.